जुन्या कोळसाखाणींच्या खुणा पतंगावरून टिपताना: उंचीपेक्षा उजेडाचा विचार आधी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण मूळचे बल्लारपूरचे, वडील कोळसाखाणीत नोकरीला होते आणि सध्या आपण इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहता. जवळच्या बेल्डन मूर या माळावर कोळशाच्या जुन्या खड्ड्यांचे अवशेष आहेत असे समजल्यावर जूनमधल्या एका दुपारी आपण डेल्टा जातीच्या, म्हणजे त्रिकोणी पतंगाला छोटा कॅमेरा टांगला, दीडशे मीटर दोर सोडला आणि साडेतीनशे फोटो काढले. त्यांतले निम्मे हललेले निघाले आणि उरलेल्यांत सपाट हिरव्या गवताखेरीज काहीच दिसले नाही. आता पतंग बदलावा, कॅमेरा बदलावा की सरळ ड्रोन घ्यावा, असे आपण विचारता. शिवाय व्हाइटहेवनची समुद्रकाठची खाण आणि नॉटिंगहॅमशायरमधले उंच हेडगिअर, म्हणजे खाणीच्या विहिरीवरचे चाकांचे मनोरे, यांचे फोटो पतंगावरून घेता येतील का, हेही विचारले आहे.

आपला पतंग ठीक आहे आणि कॅमेराही ठीक आहे. हललेल्या फोटोंचा उपाय सोपा आहे, तो पुढे सांगतो. परंतु जे फोटो स्पष्ट आले त्यांतही काही दिसले नाही, याचे कारण आपण निवडलेली वेळ आणि उंची. जूनमधल्या दुपारी लीड्सला सूर्य जवळपास साठ अंशांवर असतो, ब्रॅकन नावाचे नेचे कमरेपर्यंत वाढू लागलेले असते आणि दीडशे मीटर दोरावरून पाहिले की हातभर उंचीचा बांध गवतात विरघळून जातो. मी हे काम वीस वर्षे करीत आलो आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला हेच सांगितले आहे की, वर चढलो पण काही दिसले नाही.

आधी आपण नेमके काय शोधत आहोत ते पाहू, कारण फोटो कसा घ्यायचा हे त्यावरूनच ठरते. बेल्डनसारख्या माळांवर कोळशाचा थर जमिनीच्या अगदी जवळ येतो. जुन्या काळी तिथे अरुंद विहीर खणून थरापर्यंत उतरत, तळाशी चहूबाजूंनी कोळसा खणून काढत आणि वरचे छत ढासळण्याची भीती वाटू लागली की तो खड्डा सोडून काही पावलांवर दुसरा खणत. वरून अरुंद आणि तळाशी फाकलेला असा त्याचा आकार घंटेसारखा होई, म्हणून त्याला बेल पिट म्हणतात. खणताना निघालेली माती तोंडाभोवतीच टाकली जाई. पुढे खड्डा बुजला, खचला, तरी मधोमध एक खळगा आणि त्याभोवती मातीचे कडे एवढे शिल्लक राहिले. वरून हे दृश्य मेदूवडे मांडून ठेवल्यासारखे दिसते. वड्यांची ती रांग जिकडे वळते तिकडे खालचा थर वळलेला असतो, त्यामुळे असा एक चांगला फोटो म्हणजे जमिनीखालच्या कोळशाचा नकाशाच असतो. थर जसजसा खोल उतरतो तसतशी वर निघालेली माती वाढते, कडी मोठी होतात आणि त्यांच्यातले अंतरही वाढते.

मोठ्या कड्यांच्या शेजारी कधी कधी एक सपाट गोल जागा दिसते. तिच्याकडे अवश्य लक्ष द्यावे. खोल विहिरीतून कोळसा वर ओढण्यासाठी तिथे घोडा गोल फिरत असे. आपल्याकडे तेलाच्या घाण्याला बैल फिरतो तसाच. त्याच्या खुरांनी आणि बांधणाऱ्यांनी सपाट केलेले ते वर्तुळ साधारण दहा-बारा मीटर व्यासाचे असते. जमिनीवरून चालताना आपण त्याच्यावरून जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

ही सगळी कडी, खळगे आणि वर्तुळे वीस-तीस सेंटिमीटरपासून एखाद-दीड मीटर उंचीची असतात. ती रंगाने वेगळी नसतात, सगळीकडे एकच गवत असते. दिसते ती फक्त त्यांची सावली. सूर्य तीस अंशांवर असताना तीस सेंटिमीटरच्या बांधाची सावली अर्ध्या मीटरहून थोडी जास्त पडते. तोच सूर्य दहा अंशांवर आला की ती एक मीटर सत्तर सेंटिमीटर होते. लीड्सच्या अक्षांशावर 21 डिसेंबरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून अवघा साडेबारा-तेरा अंश वर असतो. त्याच दिवशी बल्लारपूरला तो दुपारी शेहेचाळीस अंशांच्या वर असतो, म्हणजे तिथे असे काम करायचे तर सूर्योदयानंतरचा तासभर आणि सूर्यास्तापूर्वीचा तासभर एवढाच वेळ हाती मिळतो. आपण जिथे आहात तिथे हिवाळ्यातला अख्खा दिवसच तिरप्या उजेडाचा असतो. इथल्या ज्या हिवाळ्याला सगळे कंटाळतात तोच या कामाचा खरा हंगाम आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ब्रॅकन करपून आडवे झालेले असते, गवत बसलेले असते आणि माळावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांनाही आपला त्रास होत नाही. मार्च ते जुलै हा काळ त्या पक्ष्यांसाठी सोडून द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दहिवर गोठलेली सकाळ मिळाली तर ती कधीही सोडू नये. खळग्याच्या दक्षिणेकडच्या उतारावर ऊन पोहोचत नाही, म्हणून तिथले पांढरे दव उशिरापर्यंत टिकते, आणि समोरच्या उन्हाकडे तोंड असलेल्या उतारावर ते आधी वितळून गवत गडद होते. एका जानेवारीत मी अशाच एका माळावर साडेनऊच्या सुमारास पतंग वर पाठवला तेव्हा पायाखाली सगळे करडे-पांढरे होते. दहा वाजून गेल्यावर घेतलेल्या फोटोंत प्रत्येक खळग्यात एक पांढरी चंद्रकोर उमटली होती, एकामागे एक, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला. पाऊण तासाने त्या विरून गेल्या. पातळ हिमवर्षाव झाल्यावर वारा हिम खळग्यांत साठवतो तेव्हाही असेच होते. आणि ओल्या दिवसांत खळग्यांत उगवलेले लव्हाळे आसपासच्या गवताहून गडद दिसते, ते उन्हाशिवायही ओळखू येते.

उजेडाची दिशाही महत्त्वाची आहे. एखादा लांब बांध, उदाहरणार्थ कोळशाच्या गाड्यांच्या जुन्या रुळांचा भराव, सूर्याच्या किरणांच्या दिशेतच पसरलेला असेल तर त्याची सावली पडतच नाही आणि तो फोटोतून नाहीसा होतो. हिवाळ्यात तिथे सूर्य आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो, म्हणून नैर्ऋत्य-ईशान्य जाणारा भराव दुपारनंतर दिसणार नाही पण सकाळी ठळक दिसेल. एकच जागा सकाळी आणि दुपारी अशी दोनदा टिपावी, हा माझा नेहमीचा नियम आहे.

आता उंचीविषयी. ब्रिटनच्या हवाई नियमांनुसार पतंग जमिनीपासून 60 मीटरांपेक्षा वर नेता येत नाही, आणि विमानतळाच्या वाहतूक क्षेत्रात ही मर्यादा 30 मीटर आहे. त्याहून वर जायचे तर नागरी विमान प्राधिकरणाची परवानगी लागते. दीडशे मीटर दोर सोडताना आपण ही मर्यादा ओलांडली असणार. लीड्स-ब्रॅडफर्ड विमानतळ बेल्डन मूरपासून सुमारे आठ किलोमीटरवरच आहे, तेव्हा जागा ठरवण्यापूर्वी हवाई नकाशा पाहून घ्यावा. मी दोरावर दर दहा मीटरला रंगाची खूण करतो आणि साठाव्या मीटरला गाठ मारून चरखी तिथेच बांधून टाकतो. दोरच साठ मीटर असला की पतंग थेट डोक्यावर आला तरी नियम मोडत नाही.

साठ मीटर कमी वाटत असतील, तर हा हिशेब पाहावा. दोर जमिनीशी साठ अंशांचा कोन करीत असेल तर पतंग सुमारे 52 मीटरवर असतो. कॅमेरा पतंगापासून दोरावर वीस मीटर अलीकडे टांगला तर तो सुमारे 35 मीटरवर येतो. पूर्ण चौकटीच्या (36 × 24 मिलिमीटर) कॅमेऱ्याच्या हिशेबाने 24 मिलिमीटरचे भिंग असेल, तर सरळ खाली पाहणाऱ्या फोटोत 52 मीटर रुंद आणि 35 मीटर लांब जमीन मावते. फोटो सहा हजार पिक्सेल रुंद असेल तर एक पिक्सेल एका सेंटिमीटरपेक्षाही थोडा लहान पडतो. बेल पिटचे कडे साधारण आठ ते पंधरा मीटर व्यासाचे धरले, तर एका फोटोत चार-पाच खड्डे बाहेरच्या मोकळ्या जमिनीसह येतात, आणि कड्यावरून गेलेली मेंढ्यांची पायवाटही मोजता येते. याहून वर जाण्याची गरज मला क्वचितच पडली आहे.

ड्रोन घ्यावा का, याचे उत्तरही यातच बरेचसे आले. ड्रोन वाईट नाही आणि मोठ्या क्षेत्राचा नकाशा करायचा असेल तर तो पतंगापेक्षा सोयीचा आहे. शिवाय इंग्लंडच्या जवळजवळ सर्व भूभागाचे एक मीटर बारकाईचे लायडार, म्हणजे विमानातून लेसरने जमिनीची उंची मोजणारे, सर्वेक्षण पर्यावरण खात्याने सर्वांना खुले ठेवले आहे. कुठल्या माळावर खड्ड्यांची रांग आहे हे शोधण्यासाठी आपण घरबसल्या आधी तेच पाहावे. पतंगाचे काम त्यानंतरचे आहे. ज्या दिवशी ऊन, दव आणि वारा जुळून येतात त्या दिवशी तो तीन-चार तास एकाच जागी शांत उभा राहतो, त्याला बॅटरी संपण्याची घाई नसते, त्याच्या आवाजाने मेंढ्या बिथरत नाहीत, आणि सावली इंचाइंचाने सरकत असताना तीच कडी पुन्हा पुन्हा टिपता येतात. मला हव्या असलेल्या फोटोंपैकी बहुतेक असे थांबल्यामुळेच मिळाले आहेत.

पतंगाविषयी बोलायचे तर आपला डेल्टा हलक्या वाऱ्यासाठी उत्तम आहे. माळावरच्या बाराही महिन्यांच्या वाऱ्यासाठी मी जपानी रोक्काकू वापरतो. हा सहा कोनांचा, एक उभी आणि दोन आडव्या कामट्यांचा पतंग आहे. आडव्या कामट्यांना मागून दोरी ताणून कमान दिली आणि चार टोकांची कन्नी नीट बांधली, तर तो दहा ते पंचवीस किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात खांबासारखा स्थिर राहतो. कन्नीची गाठ बोटभर पुढे-मागे केल्याने काय फरक पडतो हे संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला सांगायला नको. वारा त्याहून जोरात असेल तेव्हा कामट्या नसलेला, वाऱ्याने फुगणारा पतंग शेपूट लावून वापरावा. तो पिशवीत घडी करून नेता येतो आणि जमिनीवर आदळला तरी मोडत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे कायम ध्यानात ठेवावे. दोन मीटर उंचीचा रोक्काकू चढत्या वाऱ्यात माणसाला फरपटत नेऊ शकतो. दोर पॉलिएस्टरचा विणलेला, नव्वद ते शंभर किलो ताण सहन करणारा असावा आणि हातात चामड्याचे मोजे असावेत. आपल्याकडचा काचेचा किंवा नायलॉनचा मांजा या कामात चालत नाही. काचेचा मांजा माणसांना आणि पक्ष्यांना कापतो आणि नायलॉन ताणला जाऊन कॅमेरा उसळत राहतो.

हललेल्या फोटोंचे कारण आपण पाठवलेल्या नोंदींतच आहे. शटरचा वेग सेकंदाच्या 125 व्या भागावर होता आणि कॅमेरा पतंगाच्या अगदी पोटाशी बांधलेला होता. पतंगाची प्रत्येक थरथर त्यामुळे कॅमेऱ्यात उतरली. पतंग आधी एकटाच वीस-पंचवीस मीटर चढवावा, दहा मिनिटे त्याचे वागणे पाहावे, तो गोता खात नाही याची खात्री झाली की दोराला कॅमेरा टांगावा आणि मग दोघांना मिळून वर जाऊ द्यावे. टांगण्यासाठी पिकावे नावाची रचना वापरावी. पिएर पिकावे या फ्रेंच गृहस्थाने ती 1912 च्या सुमारास काढली आणि आजही तिच्याहून चांगले काही सापडलेले नाही. दोराला दोन जागी अडकवलेल्या कड्यांतून एकच अखंड दोरी लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या फुलीच्या चारही टोकांतून ओवलेली असते. दोर वर-खाली झुकला तरी दोरी घसरून फुली आपोआप पाण्यासारखी समतल राहते. कॅमेऱ्यासह हे सारे अर्धा किलोच्या आत बसवावे. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी नको, फोकस हाताने अनंतावर पक्का करून त्यावर चिकटपट्टी लावावी, फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात घ्यावेत आणि दर तीन सेकंदांनी एक असा आपोआप निघावा. तीन तासांत साडेतीन हजार फोटो होतील. त्यांतले तीस चांगले निघाले तरी तो दिवस सत्कारणी लागला असे मी मानतो.

1888 मध्ये फ्रान्समधल्या लाब्रुगिएर या गावी आर्थर बात्यूने पतंगावरून पहिले यशस्वी फोटो काढले तेव्हा त्याला एका उड्डाणात एकच फोटो मिळत असे. शटर उघडण्यासाठी तो हळूहळू जळणारी वात लावून पतंग सोडत असे, आणि फोटो निघाला की कागदाची एक पट्टी सुटून खाली पडे, तीच त्याची खूण. एका फोटोसाठी त्याने किती वेळ उजेडाचा विचार केला असेल याची आपल्याला कल्पना करता येईल. आपणही कॅमेरा वर पाठवण्यापूर्वी तेवढाच विचार करावा असे मला मनापासून वाटते.

वारा आणि सूर्य यांचा मेळ कसा घालावा, हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. हिवाळ्यात आकाश अगदी निरभ्र असते तेव्हा बहुधा वारा पडलेला असतो, आणि वारा असतो तेव्हा ढग असतात. माझ्या अनुभवात सर्वांत चांगला दिवस म्हणजे पावसाचा पट्टा सरकून गेल्यानंतरचा दिवस. वारा वायव्येकडून येतो, हवा धुऊन निघालेली असते, आणि ढगांच्या मधून दहा-दहा मिनिटे स्वच्छ ऊन पडते. अशा वेळी खड्ड्यांच्या वायव्येला उभे राहावे. वारा पतंगाला आग्नेयेकडे नेतो, कॅमेरा खड्ड्यांवर येतो, आणि त्याचे तोंड दक्षिणेकडे, साधारण पंचेचाळीस अंश खाली वळवलेले ठेवले की सावल्या कॅमेऱ्याच्या दिशेने येतात. सूर्य चौकटीत येत नाही, परंतु भिंगावर ऊन अडवणारी पट्टी मात्र असावी. उजेडाकडे तोंड करून काढलेल्या या तिरप्या फोटोंत कडी जितकी उठून दिसतात तितकी पाठीवर ऊन घेऊन काढलेल्या फोटोंत कधीच दिसत नाहीत.

सरळ खाली पाहून काढलेल्या फोटोंत एक फसगत होते, ती आपल्याला आधीच सांगतो. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येतो असे गृहीत धरायची सवय असते. उत्तर वर ठेवून लावलेल्या फोटोत मात्र सूर्य दक्षिणेकडून, म्हणजे खालून येतो आणि सावल्या वर पडतात. मग खळगे उंचवट्यांसारखे आणि उंचवटे खळग्यांसारखे दिसू लागतात. खड्डा आणि ढिगारा यांतला फरक हाच जिथे सगळा अभ्यास आहे तिथे ही गोष्ट साधी नाही. अनुभवी लोकांनाही मी यात चुकताना पाहिले आहे. फोटो फिरवून सावल्या स्वतःकडे येतील असा ठेवावा आणि दक्षिणोत्तर बाण त्यावर स्वतंत्रपणे दाखवावा.

आता सुरक्षिततेविषयी, आणि हे वाक्य ठळकपणे लक्षात ठेवावे: खड्ड्यांच्या माळावर पतंग हाती असताना कधीही मागे मागे चालू नये. नजर वर असते, दोर ओढत असतो आणि पाठीमागे जुनी विहीर असू शकते. ब्रिटनमध्ये खाणींच्या अशा 1 लाख 70 हजारांहून अधिक तोंडांची नोंद आहे आणि त्यांचा नकाशा सर्वांना पाहता येतो. तो पाहून आपली उभी राहण्याची जागा आणि चालण्याची रेषा आदल्या दिवशी ठरवावी, आणि तिथे प्रथम पतंगाशिवाय चालून यावे. शक्य असेल तर सोबत एक माणूस न्यावा. त्याने वर न पाहता फक्त जमिनीकडे पाहायचे. जागा संरक्षित स्मारक असेल तर 1979 च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार जमिनीत काहीही ठोकण्यास मनाई समजावी. पतंग बांधण्यासाठी खुंटी ठोकू नये. दोर कमरेच्या पट्ट्याला अडकवावा किंवा सोबत्याच्या हाती द्यावा. जमीनमालकाची परवानगी पतंगासाठीही घ्यावी. वीजवाहक तारांच्या जवळपास जाऊ नये, कारण ओला दोर वीज वाहून नेतो.

व्हाइटहेवनविषयी आपण विचारलेली खाण म्हणजे साल्टम पिट. लाउदर घराण्यासाठी कार्लाइल स्पेडिंगने 1729 मध्ये ती खोदायला घेतली. समुद्राच्या तळाखाली जाऊन कोळसा काढणारी इंग्लंडमधली ही पहिली खाण. विहिरीची खोली 456 फूट. आज कड्याच्या पायथ्याशी, अगदी लाटांजवळ, इंजिनघराच्या भिंती उभ्या आहेत आणि समुद्र व कोसळणारा कडा या दोघांच्या मध्ये त्या सापडल्या आहेत. इथे वाऱ्याची दिशा हेच सगळे काही आहे. समुद्रावरून येणारा वारा पतंगाला कड्याकडे नेतो आणि तिथे हवा उसळी घेते, त्यामुळे दोर एकदम सैल पडतो आणि एकदम ताणला जातो. कड्यावरून समुद्राकडे वाहणारा वारा तर याहून वाईट, कारण कड्याच्या पोटाशी तो भोवऱ्यासारखा फिरतो आणि पतंग सरळ खाली येतो. किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा असेल त्याच दिवशी जावे, भिंतींपासून पन्नास-साठ पावले वाऱ्याच्या बाजूला उभे राहावे आणि पतंग किनारपट्टीच्या रेषेतच राहू द्यावा. पायथ्याशी दरडी पडतात म्हणून मी आता खाली उतरत नाही. कड्यावरच्या सुरक्षित वाटेवरून, कडेपासून आत राहून, कॅमेरा तिरपा करून जे मिळेल ते घेतो. दरवर्षी त्याच महिन्यात आणि त्याच ठिकाणाहून घेतलेले फोटो शेजारी ठेवले की दरड किती पुढे सरकली ते दिसते, आणि अशा स्मारकासाठी मला तेच सर्वांत मोलाचे वाटते.

नॉटिंगहॅमशायरमधले आपल्याला हवे असलेले हेडगिअर बहुधा क्लिपस्टोनचे असावे. विहिरीवरचे हे दोन पोलादी मनोरे 1950 च्या दशकातले, साठ मीटरांहून उंच आहेत. खाण 2003 मध्ये बंद झाली. म्हणजे कायद्याने पतंग त्यांच्या माथ्यापर्यंत जाऊच शकत नाही, आणि जाण्याचे कारणही नाही. पस्तीस-चाळीस मीटरवरून, मनोऱ्याच्या कमरेच्या उंचीवरून, वर पाहणाऱ्या फोटोत चाके आकाशावर उठून दिसतात आणि खाली इंजिनघराचे छतही येते. परवानगी मिळाल्यास एकच पथ्य पाळावे: दोर मनोऱ्यावरून जाईल अशा ठिकाणी कधीही उभे राहू नये. मी हे स्वतः चूक करून शिकलो आहे. दुसऱ्या एका बंद खाणीवर मी मनोऱ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभा होतो, कारण तिथून उजेड सुंदर होता. संध्याकाळी वारा मिनिटभरात पडला आणि दोर पोलादी जाळीवर आडवा पसरला. कॅमेरा तिथे दोन रात्री लटकत राहिला आणि तो उतरवण्यासाठी त्या जागेची काळजी घेणाऱ्या स्वयंसेवकांना वर चढावे लागले. कोणाला इजा झाली नाही, परंतु स्मारकाला आणि माणसांना मी धोक्यात घातले होते, ही बोचणी अजून आहे. तेव्हापासून मी मनोऱ्याच्या बाजूला, वाऱ्याला काटकोनात आणि त्याच्या उंचीपेक्षा बरेच दूर उभा राहतो. वारा पडला तरी दोर मोकळ्या जमिनीवर येतो. वाऱ्याच्या खालच्या बाजूला हवा मनोऱ्याने आणि इमारतींनी घुसळलेली असते, म्हणून तीही टाळावी.

त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर सरळ खाली पाहणारे फोटो सत्तर-ऐंशी टक्के एकमेकांवर येतील इतक्या सावकाश, समांतर रेषांत चालावे आणि जमिनीवर काळी फुली काढलेल्या सहा-सात पांढऱ्या थाळ्या मांडून त्यांची जागा टेपने मोजून घ्यावी. वेबओडीएमसारखी मोफत प्रणाली त्यापासून उंचसखलपणाचा नकाशा तयार करते. त्यासाठी ढगाळ, सावली नसलेला दिवस अधिक चांगला, म्हणजे ऊन न पडलेले दिवसही वाया जात नाहीत. काम संपल्यावर थाळ्या मोजून परत घ्याव्यात.

फोटो घरी आणल्यावर प्रत्येक निवडक फोटोसोबत तारीख, वेळ, उभे राहण्याच्या जागेचे नकाशावरील अचूक स्थान, वाऱ्याची दिशा आणि कॅमेऱ्याचे तोंड कुठे होते हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवावे. वेस्ट यॉर्कशायरमध्ये प्राचीन अवशेषांची नोंदवही ठेवणारे सरकारी कार्यालय आहे. एखादे कडे किंवा घोड्याचे वर्तुळ त्यांच्या नकाशात नसल्याचे आढळले तर फोटो आणि ही टिपणे त्यांना पाठवावीत. येत्या डिसेंबरात बेल्डनला जाल तेव्हा दोर साठ मीटरच सोडा, आणि दहाच्या सुमारास ऊन पडले की पहिले शंभर फोटो दक्षिणेकडे तोंड करून घ्या. ते मला पाठवलेत तर खड्ड्यांची रांग कोणत्या थराच्या दिशेने जाते हे आपण मिळून पाहू.